दोघांचा अंधार

“पण दोन कशाला लागतात, बाई? एकानं भागत असेल तर?”

बाईंच्या मांडीवर मटारच्या शेंगांची परडी होती. एक शेंग त्यांनी नखानं उकलली, आतून अंगठा फिरवला आणि दाणे पातेल्यात पडू दिले.

“मी काहीतरी विचारतोय...”

“ऐकलं. कान शाबूत आहेत माझे.”

विचारणारा होता डॉ. उत्तम वाघचौरे. मेंदूवर काम करणारा, पुण्यात स्वतःची प्रयोगशाळा असलेला. माणूस वाईट नव्हता. पण आपण हुशार आहोत हे त्याला फार लहानपणी कळलं होतं, आणि त्यानंतर ते विसरायची संधी त्याला कोणी दिली नाही.

शेंगा सोलणाऱ्या होत्या डॉ. रूथ साळवे, एके काळच्या त्याच्या गुरू. निवृत्त झाल्यावर त्या पाचगणीला, एका जुन्या मिशन बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. तिथे येणंजाणं कुणाचं नव्हतं. दूधवाला कडीला पिशवी अडकवून जाई. रविवारी चर्चमध्ये चार ओळखीची माणसं मान हलवत. बस्स.

उत्तम आला तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. खोलीत अंधारलं होतं आणि बाई त्या अंधारातच बसल्या होत्या. उत्तमनं उंबऱ्यातूनच भिंत चाचपली, बटण सापडलं तसा दिवा लावला. मग बूट काढले. मग वाकून नमस्कार केला.

बाईंनी डोळे किलकिले केले होते. खुर्ची दाखवली होती. बऱ्याच वर्षांनी आलेल्या शिष्याला ‘कसा आहेस’ एवढं तरी माणूस विचारतं. त्यांनी तेही विचारलं नाही, आणि याला ते लागलं.

म्हणून त्यानं थेट कामालाच हात घातला होता.

“बाई, हैदराबादला मोठी परिषद आहे. सोमवारी माझं व्याख्यान आहे.”

“बरं.”

“त्यात मी एक गोष्ट सांगणार आहे. ती तुम्हाला बाहेरून कळू नये, म्हणून आलोय.”

“म्हणजे विचारायला आलास?”

“नाही.” उत्तम जरा ताठ झाला. “सांगायला.”

“सांग की मग.”

सांगणं सोपं नव्हतं. समोरची बाई जन्मभर ज्या एका गोष्टीवर उभी होती, ती गोष्ट चूक आहे, असं तिच्याच घरात बसून सांगायचं होतं.

बाईंचं जन्मभराचं काम म्हणजे मायलिन. मेंदूतल्या मज्जातंतूंवर त्याचं आवरण चढतं, विजेच्या वायरीवर प्लॅस्टिक असतं तसं. तान्ह्या बाळाच्या मेंदूत ते वेळेवर चढलं नाही, तर निरोप वाटेतच विरतात. पेशीतलं एक जनुक जागं झालं की मायलिन बनायला लागतं. आता त्या जनुकाला जागं कोण करतं?

थायरॉइडचं हार्मोन, असं सगळे म्हणत. बाई म्हणाल्या, ते एकटं नाही. जनुकापाशी दोन जागा असतात, एक थायरॉइडची आणि तिला खेटून दुसरी. त्या दुसऱ्या जागी अ जीवनसत्त्वापासून झालेलं रेटिनॉइड येऊन बसलं, की मगच जनुक पुरतं जागं होतं. एकानं हाक मारली तर ते नुसती कूस बदलतं.

ही गोष्ट सिद्ध करण्यात बाईंचे केस पिकले. लग्न राहून गेलं. पुढे ती पुस्तकांत आली, आणि लोकांनी ‘साळवेंची जोडी’ असं तिचं नाव पाडलं.

“तुमची जोडी नाहीये, बाई,” उत्तम म्हणाला.

नख शेंगेवर थांबलं. मग शेंग उकलली.

“कशावरून?”

“मी करून पाहिलं. चार डिश घेतल्या. त्याच पेशी, एकाच दिवशी काढलेल्या. पहिलीत काहीच घातलं नाही. दुसरीत थायरॉइड. तिसरीत रेटिनॉइड. चौथीत दोन्ही.”

“मग?”

“दुसरी आणि चौथी सारख्या. केसाचा फरक नाही. रेटिनॉइड असो वा नसो, मायलिन तेवढंच.”

“एकदाच केलंस?”

“बाई!” त्याला राग आला. “मी काय कालचा पोरगा आहे? पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी तेच.”

“आणि तिसरी? नुसत्या रेटिनॉइडची?”

“पहिलीसारखीच. रिकामी.”

“बरं नाही, वाईट नाही?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही...” बाई स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या.

त्या आता भांडतील, कागद मागतील, आवाज चढवतील, अशी उत्तमची अपेक्षा होती. येताना पसरणीचा घाट चढत असताना त्यानं सगळी उत्तरं घोकून ठेवली होती. आता ती कुणाला द्यायची हेच त्याला कळेना.

बाई सोलत राहिल्या. पातेलं निम्म्याच्या वर भरलं होतं.

“एवढे मटार?” काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला. “कोणी येणार आहे?”

“नाही.”

“मग खाणार कोण?”

“कोणी नाही. फ्रीजमध्ये ठेवते. मग खराब होतात... पण सीझनला सोलायची सवय आहे. लॅबमधल्या सगळ्यांना मटारभात असायचा ना आपल्याकडे.”

उत्तमला तो भात आठवला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

“इथे... एकटं नाही वाटत तुम्हाला?”

“वाटतं.”

अशा प्रश्नाला थोरामोठ्यांनी काहीतरी उंच उत्तर द्यायचं असतं, एकांत वेगळा आणि एकटेपणा वेगळा, असलं. बाईंनी ते दिलं नाही. त्यांना एकटं वाटत होतं आणि त्यांनी तसं सांगितलं. उत्तमची पंचाईत झाली.

“सवय होते हळूहळू,” तो म्हणाला. “मलाही झालीय. माझ्याकडे पोरं टिकत नाहीत. एक वर्ष, दोन वर्षं, की चालली. हात जड एकेकाचे. परवा एकानं सबंध आठवड्याच्या पेशी सांडल्या. मी सांगून टाकलं, या कामाला कोणी हात लावायचा नाही. हे प्रयोग मी एकट्यानं केलेत, बाई. पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.”

हे तो अभिमानानं बोलला.

“एकट्यानं,” बाई म्हणाल्या.

“हो. आणि खरं सांगू? पेशीलाही कुणी लागत नाही. आपण उगाच समजतो. शेजारी एकही मज्जातंतू नसला, नुसत्या डिशमध्ये एकटी वाढवली, तरी ती मायलिन बनवतेच.”

“बनवते.”

“मग?”

“ते गुंडाळते कशावर?”

“गुंडाळायला काही नसतंच तिथे. डिशच्या तळावर पसरते.”

“पसरते...”

“हो. सपाट. चादरीसारखी. सूक्ष्मदर्शकाखाली फार सुंदर दिसतं.”

“पाहिलंय मी. पुष्कळ वर्षं पाहिलंय.” बाईंनी पातेल्यातले दाणे हातानं सारखे केले. “मला कधी सुंदर वाटलं नाही ते. बनवते बिचारी सगळं. नेमून दिलंय म्हणून बनवते, आणि मग कुणी नाही म्हणून अंथरून बसते.”

उत्तमनं ऐकलं नाहीसं केलं.

बाहेर धुकं उतरलं होतं. खिडकीच्या काचेत दिवा आणि दोघांची डोकी दिसत होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

“चिडला नाहीत ना?” त्यानं विचारलं.

“तू गेलास तेव्हा चिडले होते. आता शक्ती नाही.”

तो गेला होता ते एका रीतीपायी.

रेटिनॉइडला उजेड सोसत नाही. उघड्या दिव्याखाली ते बघता बघता मरतं, आणि वाईट हे की मेल्यावरही तसंच दिसतं. म्हणून बाईंच्या प्रयोगशाळेत ते हाताळायचं काम अंधारात चाले. दोघं समोरासमोर बसत. एक जण नळ्यांचा स्टँड दोन्ही हातांनी पकडी आणि म्हणे, “धरलंय.” ते ऐकलं की दुसरा दिवा मालवी. कोपऱ्यात एक लाल बल्ब तेवढा मिणमिणे, पण त्यात समोरचं तोंडही ओळखू येत नसे. मग धरणारा हव्या त्या नळीच्या काठाला बोट लावी, आणि दुसरा त्या बोटाच्या आधारानं पिपेटचं टोक आत सोडी. बोटाला बोट लागल्याशिवाय थेंबही हलत नसे.

बाकीचे विभाग हसत. ‘साळवेबाईंचं सोवळं’ म्हणत. बाई स्वतः ख्रिस्ती, त्यामुळे तो विनोद त्यांना जास्तच आवडे.

आणि नवीन पोरानं पहिलं वर्ष पिपेटला हात लावायचा नाही, नुसतं धरायचं. हा नियम मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

उत्तमचे हात सगळ्यांत चांगले होते. त्याला हे धरणं म्हणजे हमाली वाटे.

“किती दिवस धरू, बाई?” त्यानं एकदा विचारलं होतं.

“हात थरथरायचे थांबेपर्यंत.”

“माझे थरथरतच नाहीत.”

“मग समोरच्याचे थांबेपर्यंत.”

त्या महिन्यातच त्यानं परदेशात जागा मिळवली. निरोप घ्यायला गेला तेव्हा बाई अंधाऱ्या खोलीत होत्या, आणि अंधारात आत कोणी जायचं नाही असा नियम होता. तो दाराबाहेर थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. बाईंना हे बाहेर आल्यावर कळलं. त्या दिवशी त्यांनी मटारभात केला होता. तो कुणी खाल्ला नाही.

“बाई, सोमवारी मी तुमचं नाव आदरानं घेणार आहे,” उत्तम म्हणाला. “त्या काळातल्या साधनांत तेवढंच शक्य होतं, असं म्हणेन. कोणी हसणार नाही.”

“हसले तर हसू देत.”

“मग तुम्ही काहीच बोलणार नाही?”

बाईंनी परडी खाली ठेवली. पदरानं हात पुसले.

“एक विचारू?”

“विचारा ना.” तो पुढे सरकला. अखेर लढाई सुरू झाली म्हणून त्याला हायसं वाटलं.

“आज आल्या आल्या तू काय केलंस?”

“आज? म्हणजे... इथे?”

“इथे.”

“नमस्कार केला तुम्हाला.”

“त्याच्या आधी.”

“बूट काढले.”

“त्याच्या आधी.”

उत्तमला प्रश्नाचा शेंडा-बुडखा कळेना. म्हातारपणी माणसं अशी भरकटतात, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तरी त्यानं आठवलं.

“दिवा लावला.”

“का?”

“का म्हणजे? दिसत नव्हतं.”

“मी होते की इथे.”

उत्तम हसायला गेला.

“आत ये उत्तम, डावीकडे खुर्ची आहे, एवढं सांगितलं असतं मी. हात धरून बसवलं असतं.” बाई शांतपणे म्हणाल्या. “तू विचारलंच नाहीस, आत कोणी आहे का म्हणून. भिंत चाचपलीस.”

“सवय हो, बाई. एकट्या माणसाला दिवा ला...”

वाक्य तिथेच राहिलं.

त्याचा हात गुडघ्यावर होता, तो तिथेच राहिला. तो बाईंकडे बघत होता, पण त्याला बाई दिसत नव्हत्या. त्याला त्याची पुण्यातली खोली दिसत होती. पांढऱ्या टाइल्स, छताला चार ट्यूबलाइट, लख्ख. स्टँड धरायला कोणी नाही. एका हातात नळी, एका हातात पिपेट, झाकण दाताखाली.

“मी बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवतो,” तो म्हणाला. “बाहेर काढतो ती फक्त... दोन मिनिटं.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“दोन मिनिटांनी काय होतंय?”

त्यानं बोटांवर मोजलं.

“दोनच... म्हणजे एकट्यानं सगळं करायचं म्हटल्यावर... तीन-चार होत असतील. आणि मग डिशमधलं पाणी बदलतानाही...”

त्याचं त्यालाच ऐकवेना. एक दिवसाआड तो डिशमधलं द्रव बदलत होता. दर वेळी लख्ख उजेडात. दर वेळी एकटा. आणि दर वेळी, मोठ्या काळजीनं, एकही थेंब न सांडता, मेलेलं रेटिनॉइड त्या पेशींना पाजत होता.

तिसरी डिश पहिलीसारखी. चौथी दुसरीसारखी. बरं नाही, वाईट नाही. असणारच. दुसऱ्या जागी बसायला कोणी आलंच नव्हतं.

“बाई...”

“हं.”

“ते तिथे नव्हतंच.”

बाईंनी एक शेंग उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली.

उत्तम वाघचौरेला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. तसा तो आताही रडला नाही. पण त्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकानं पुसत बसला. चष्मा स्वच्छच होता.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तिसरी डिशही रिकामी म्हणालास तेव्हा शंका आली. एकट्यानं केलं म्हणालास तेव्हा कळलं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत? इतका वेळ मला बोलू दिलंत...”

“ऐकलं असतंस?”

... नसतं ऐकलं. त्या काळातली साधनं, म्हणाला असता.

धुक्यात कुठेतरी गाडी वळण घेत होती. तिचा आवाज जवळ आला आणि लांब गेला.

“सोमवारी मी उभा राहून काय सांगू?” उत्तमनं विचारलं. “सगळ्यांना कळवून बसलोय. साळवेंची जोडी मोडली म्हणून. लोक त्यासाठी येणार आहेत.”

“ते तुझं तू बघ.”

“चुकलो म्हणू?”

“ते मी कशी सांगू?”

“तुमचं नाव आहे त्यात!”

“माझं नाव म्हातारं झालं, उत्तम. त्याला घेऊन कुठे जाऊ आता?” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “तू आलास, हे बरं झालं. कशासाठी का होईना.”

हे ऐकून मात्र त्याचा चेहरा पार उतरला. इतक्या वर्षांत तो एकदाही आला नव्हता, आणि आज आला तो हे घेऊन. शरम वाटली त्याला. लहान मुलासारखी, कानाच्या पाळीपर्यंत.

“चुकलो म्हणून सांगतो,” तो शेवटी म्हणाला. “सोमवारी. उभा राहून. पण मग पुन्हा करावं लागेल, बाई. सगळं. नीट.”

“करायचं की.”

“कसं करू?” त्याचा आवाज फुटला. “अंधारात एकट्याला ते होत नाही. आणि माझ्याकडे धरायला कोणी राहिलं नाही हो. सगळ्यांना मीच घालवलं... मी वर्षभरही धरलं नाही कधी. पुढच्याला शिकवू काय?”

बाई उठल्या नाहीत. त्यांनी शेंगांची परडी दोघांच्या मधे सरकवली. मग पातेलं उचलून आपल्या मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी कडा पकडल्या, आणि उजव्या हाताचं एक बोट काठावर टेकवून ठेवलं.

त्या हातांना आता कंप होता. दाणे पातेल्यात किंचित हलत होते.

उत्तम ते हात बघत राहिला. मग त्यानं परडीतली एक शेंग घेतली, आणि बाईंकडे पाहिलं.

“धरलंय,” बाई म्हणाल्या. “दिवा मालव.”